कोंक: चोरीच्या अस्थींवर उभं राहिलेलं गाव

ओसरी

फ्रान्समधल्या तुलूझला राहायला आल्यापासून भारतातून कुणी आलं की मी त्यांना कोंकला नेते. कार्कासोनचा किल्ला आणि रोकामादूर ही नावं सगळ्या सहलींच्या यादीत असतात, लोक ती आपापली उरकून येतात. कोंक वाटेवर लागत नाही, तिथे मुद्दाम जावं लागतं. आव्हेरों जिल्हा, रोदेझपासून चाळीसेक किलोमीटर. दुर्दू नदीच्या वरच्या उताराला चिकटून बसलेलं, जेमतेम काही शे वस्तीचं मध्ययुगीन गाव आणि त्याच्या मानाने भलतंच मोठं असं बेनेडिक्टाइन मठाचं चर्च. एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर: चोरी.

आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक विरक्त माणूस या दरीत येऊन राहिला. त्याच्याभोवती माणसं जमली, त्यांनी संत बेनेडिक्टची नियमावली स्वीकारली, ८१९ साली सम्राट पहिल्या लुईची सनदही मिळाली. मठ झाला खरा, पण जागा इतकी अडनिडी की भाविक येणार कशाला? त्यात पुढे राजाश्रयानेच फिजाकला, जरा सोयीच्या जागी, 'नवं कोंक' म्हणून दुसरा मठ निघाला. म्हणजे जुन्या मठाच्या पोटावर पाय. त्या काळात मठाकडे माणसं आणि दान खेचायचं तर एखाद्या हुतात्म्याच्या अस्थी हव्यात. कोंकच्या साधूंनी आधी स्पेनमधल्या संत व्हिन्सेंटच्या अस्थींसाठी खटपट केली, ती फसली. मग नजर गेली आझां शहराकडे.

आझांमध्ये सांत फ्वा नावाच्या मुलीची कबर होती. रोमन देवांपुढे बळी द्यायला नकार दिला म्हणून इसवी सन ३०३ च्या सुमारास हालहाल करून मारलेली, परंपरेनुसार बारा वर्षांची पोर. कोंकचा आरिविस्कुस नावाचा साधू तिकडे गेला, तिथल्या धर्मसंघात सामील झाला आणि दहा वर्षं गुपचूप विश्वास कमावत राहिला. शेवटी कबरीची राखण त्याच्याकडेच आली. पुढचं सांगायला नको. ८६६ च्या आसपास अस्थी कोंकला पोहोचल्या. गंमत म्हणजे हे सगळं कोंकच्या मठवाल्यांनीच लिहून ठेवलंय, तेही कौतुकाने. त्यांचं म्हणणं साधं होतं: तिला यायचं नसतं तर तिने त्याला कबर फोडू दिली असती का?

आणि धंदा असा बसला म्हणता! आंधळ्यांना दृष्टी येते, कैद्यांच्या बेड्या तुटतात, अशी कीर्ती झाली. पुढे फ्रान्समधल्याच ल प्वी गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रेची वाट इथूनच जाऊ लागली. अकराव्या शतकात ओदोलरिक या मठाधिपतीच्या काळात आजचं चर्च बांधायला घेतलं, बाराव्याच्या सुरुवातीला ते पुरं होत आलं.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. गाडी गावाबाहेर लावायची, आत चालतच जायचं. घरं शिस्ट नावाच्या दगडाच्या पातळ थरांची, वरचे मजले लाकडी चौकटीचे, छपरांवर दगडाच्या पातळ खापऱ्या. त्यांना तिकडे लोझ म्हणतात. पाऊस पडून गेला की ही छपरं माशाच्या पाठीसारखी चकाकतात. गल्ल्या उभ्या चढाच्या, पायाखाली गोटे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात उन्हाळ्यात तिथे जत्रा असते. साबण, सुऱ्या, लॅव्हेंडरच्या पुड्या, जे सगळीकडे असतं ते इथेही आहे. म्हणून माझा आग्रह एकच: रात्री राहा. दिवसाच्या बसगाड्या गेल्यावर जे गाव उरतं ते बघायला एवढ्या लांब जायचं.

चर्चच्या पश्चिम दारावर अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे, टिंपॅनम म्हणतात त्याला. विषय: अंतिम न्यायाचा दिवस. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, साडेसहा मीटरहून रुंद, १२४ आकृत्या. मधोमध येशू, उजवा हात वर, डावा खाली. त्याच्या उजवीकडे स्वर्ग, सगळे कमानींखाली ओळीत, गुण्यागोविंदाने उभे. खरं सांगते, स्वर्गाकडे दोन मिनिटांत बघून होतं. नरकाकडे मात्र तासभर बघत बसाल.

कंजुषाला गळ्यात पैशाच्या थैलीसकट फासावर टांगलंय. घमेंडखोर सरदार घोड्यासकट डोक्यावर आपटतोय. खोटं बोलणाऱ्याची जीभ उपटली जातेय. खोटी नाणी पाडणारा त्याच्या हत्यारांसकट हजर. एका राजाच्या डोक्यावरचा मुकुट भूत दातांनी ओढतंय. चोरटी शिकार करणाऱ्याला सशाने शेकोटीवर धरलंय, असं तिथले वाटाडे रंगवून सांगतात. आणि सगळ्यात धाडसाचं: जाळ्यात अडकलेले मठवासी, त्यात हातात दंड घेतलेला मठाधिपतीही. ज्या मठाच्या पैशातून हे कोरलं गेलं, त्याच मठाच्या दारावर! मधे तराजू आहे. एका बाजूला देवदूत मायकेल, समोर भूत, आणि भूत पारड्यावर बोटाने हळूच दाब देतंय. बाजारात भाजी घेणाऱ्या कुणालाही ते बोट लगेच ओळखू येईल.

आणखी एक: कमानीच्या बाहेरच्या कडेकडे बघा. तिथे दगडाची पट्टी जणू कापडाची असावी तशी दोन्ही हातांनी धरून चौदा छोटी माणसं तिच्याआडून डोकावतायत. कुणाचं नुसतं नाक आणि डोळे दिसतात. त्यांना 'चौकस मंडळी' म्हणतात. त्यांचा न्यायाशी काही संबंध नाही, ती फक्त बघतायत.

उन्हाळ्यात रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातला एक बंधू या शिल्पपटासमोर उभा राहून तो समजावून सांगतो. फ्रेंच येत नसेल तरी थांबा, तो हातवाऱ्यांनी अर्धं सांगतो आणि लोक हसत असतात. मग आत ऑर्गन वाजतो आणि थोडे पैसे भरून वरच्या सज्जांत जाता येतं. तिथून खांबांवरची कोरीव शीर्षं हाताच्या अंतरावर येतात. चर्चमध्ये अशी सुमारे अडीचशे शीर्षं आहेत, खालून मान मोडते.

बाकी खजिना, खिडक्या, खाणंपिणं यावर प्रश्न विचारा, प्रतिसादांत लिहीन.

भुईनळा

दहा वर्षं हेरगिरी! वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची सोन्याचांदीची चीजवस्तू सरसकट वितळवली ना? मग कोंकचा खजिना कसा काय राहिला?

ओसरी

@भुईनळा, गावकऱ्यांनी लपवला. सरकारी माणसं यायच्या आत वस्तू घराघरांत वाटून टाकल्या. काही चेस्टनट वाळवायच्या खोपट्यांत दडवल्या असं सांगतात. वातावरण निवळल्यावर एकेकाने आणून परत केलं. आज तो खजिना मध्ययुगीन सोनारकामाच्या युरोपातल्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक आहे.

भुईनळा

म्हणजे ज्या गावाचा पायाच चोरी, तिथे ऐन संधी असताना कुणी चोरी केली नाही. मानलं.

नाना_सातारकर

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टी खटकल्या. एक, 'बेनेडिक्टाइन मठ' म्हणताय आणि पुढे 'मठातला बंधू' सांगतो म्हणताय. तिथे आज बेनेडिक्टाइन आहेत का? माझ्या माहितीप्रमाणे नाहीत. दुसरं, ही असली जपून ठेवलेली गावं मला नाटकाच्या नेपथ्यासारखी वाटतात. मागे कुणी राहत नाही, पुढे सगळं रंगवलेलं.

वसईकर

नाना, पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. बेनेडिक्टाइनांचा काळ सोळाव्या शतकात संपला, तेव्हा मठाचं रूपांतर साध्या धर्मगुरूंच्या मंडळात झालं. पुढे क्रांतीत तेही बरखास्त. मग १८७३ मध्ये रोदेझच्या बिशपांनी प्रेमोन्त्रे संघाला तिथे बोलावलं, ते आजतागायत आहेत. ओळखायचं सोपं: बेनेडिक्टाइन काळ्या झग्यात, हे पांढऱ्या. यांचा संघ संत नॉर्बर्टने ११२० च्या सुमारास प्रेमोन्त्रेला काढला आणि ते बेनेडिक्टची नव्हे, ऑगस्टिनची नियमावली पाळतात.

पण इमारतीवर बेनेडिक्टचीच छाप आहे. त्याच्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत, सहाव्या शतकातली. ५३ वं प्रकरण पाहुण्यांवर: जो येईल त्याला ख्रिस्त समजून आत घ्या. कोंकच्या चर्चची रचना त्यातूनच आलीय असं मला वाटतं. वेदीच्या मागून अर्धगोल प्रदक्षिणामार्ग काढलाय, म्हणजे मधे साधूंची प्रार्थना चालू असताना यात्रेकरूंचा लोंढा कडेने फिरून अस्थींपाशी जाऊन येईल. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना म्हणायची तर दुसरा इलाजही नव्हता.

अस्थींच्या या वेडाबद्दल इथे कुणी हसू नये. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे, त्याचा उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. नुकतंच २०२४ च्या नोव्हेंबरपासून देहाचं दर्शन खुलं होतं तेव्हा आमच्या वसईतून बसगाड्या भरून माणसं गेली, मीही त्यात होतो. हाडाचा तुकडा का होईना, तो *इथे* आहे, याला भाविकाच्या लेखी फार किंमत असते. आरिविस्कुसला ती कळली होती.

ओसरी

@वसईकर, धन्यवाद, हे माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. ज्यांना आज नांदता बेनेडिक्टाइन मठ बघायचाय त्यांनी तुलूझहून तासाभरावरच्या दूर्न्यजवळ आं-काल्का मठात जावं. १८९० चा आहे. तिथले साधू झिथर नावाचं तंतुवाद्य बनवतात. प्रार्थनेला कुणीही मागे बसू शकतं. पण ते गाव नाही, नुसता मठ. मला दोन्ही एकत्र हवं होतं.

नाना, नेपथ्याबद्दल: थोडं खरं आहे. रस्त्यावर विजेची तार दिसत नाही, दुकानांच्या पाट्यासुद्धा ठरावीक. पण आधीची अवस्था ऐका. १८३७ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे सरकारी निरीक्षक म्हणून इथे आला तेव्हा चर्च पडायला झालं होतं. मठाची जोडओवरी, म्हणजे अंगणाभोवतीचा कमानींचा व्हरांडा, तर जवळजवळ गेलेलीच, तिचे दगड लोकांनी घरांना लावले. मेरिमेने अहवाल पाठवला, १८४० मध्ये चर्च राष्ट्रीय स्मारकांच्या पहिल्या यादीत आलं. दर्शनी मनोरे एकोणिसाव्या शतकातच चढवलेत, तेव्हा सगळं 'मध्ययुगीन' नाही, हेही खरंच. पण रंगवलेलं म्हणाल तर नाही. उलट शिल्पपटावरचा मूळ निळा-तांबडा रंग उडालाय, त्याचे ठिपके तेवढे कोपऱ्यांत उरलेत.

चौकस

धाग्यात माझी मंडळी कमानीवर बसलीत हे वाचून बरं वाटलं. :)

प्रश्न खजिन्याबद्दल. तिथे सोन्याची बसलेली मूर्ती आहे म्हणे. ख्रिस्ती लोक मूर्तिपूजा मानत नाहीत असं आपण शाळेपासून ऐकतो. मग ही काय भानगड?

पाथरवट

चौकस, तुमचीच शंका एक हजार वर्षांपूर्वी एका पंडिताला आली होती. आंजे शहराच्या शाळेतला बर्नार. हा शार्त्रच्या फ्युलबेरचा शिष्य, म्हणजे त्या काळचा उच्चशिक्षित उत्तरेकडचा माणूस. १०१३ च्या सुमारास तो दक्षिणेत आला. आधी ओरियाकला त्याने संत जेराल्डची सोन्याची मूर्ती पाहिली आणि सोबतच्या मित्राला लॅटिनमध्ये टोमणा मारला, की काय रे, ज्युपिटर किंवा मार्स या रोमन देवांना असली मूर्ती कमीपणाची वाटली असती का? लॅटिनमध्ये अशासाठी की आजूबाजूच्या खेडवळांना कळू नये. पुढे कोंकला आला तेव्हाही मनात हेच. पण तिथल्या चमत्कारकथा ऐकून त्याचं मत फिरलं आणि त्यानेच सांत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहायला घेतला. मूर्तीबद्दलचं त्याचं स्पष्टीकरण: ही पूजा मूर्तीची नाही, आतल्या अस्थींची आठवण आहे.

त्या ग्रंथातली सांत फ्वा मात्र बारा वर्षांच्या मुलीसारखीच वागते, आणि मला ती त्यामुळेच आवडते. तिला दागिन्यांचा भारी सोस. तुलूझच्या काउंटची बायको आर्सेंद हिच्या स्वप्नात जाऊन तिने हातातली सोन्याची कडी मागितली, बदल्यात मुलगा दिला. अंगठी कबूल करून द्यायला विसरलेल्या बायकांच्या मागे तर ती हात धुऊन लागते. तिथले लोक या प्रकारांना तिचे 'खेळ' म्हणत.

मूर्ती म्हणाल तर ८५ सेंटिमीटर उंच. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, त्यावर शतकानुशतकं भक्तांनी वाहिलेली रत्नं, जुन्या रोमन कोरीव खड्यांसकट. चेहरा बारकाईने बघा. बारा वर्षांच्या मुलीचा तो नाहीच. उशिराच्या रोमन काळातलं एक सोन्याचं मस्तक या मूर्तीला बसवलंय, बहुधा पुरुषाचं. मान किंचित मागे, नजर आपल्या डोक्यावरून पलीकडे. खजिन्याच्या दालनात उजेड मंद असतो आणि काचेपलीकडून ती तुमच्याकडे अजिबात बघत नाही. पाच मिनिटं समोर उभं राहिल्यावर बर्नारची अडचण मला समजली.

चौकस

भारी. कैद्यांच्या बेड्यांचं काय? वर उल्लेख आलाय.

पाथरवट

सुटलेले कैदी बेड्या आणून चर्चमध्ये वाहायचे. वेदीभोवती बाराव्या शतकातली लोखंडी जाळी आहे, वेटोळ्यांच्या नक्षीची. ती त्याच बेड्या वितळवून घडवली असं परंपरा सांगते. शिल्पपटावरही शोधा: येशूच्या उजव्या हाताला खाली सांत फ्वा गुडघ्यांवर वाकलीय, वरून देवाचा हात आलाय आणि तिच्या मागच्या कमानींत बेड्या टांगलेल्या आहेत. १२४ आकृत्यांत तीही आहे हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

घाटवाट

मी कोंकला चालत गेलोय, ल प्वीहून. साधारण दोनशे किलोमीटर, लोक नऊ-दहा मुक्काम करतात. ओब्राकच्या पठारावरचा वारा, मग लो नदीकाठचं एस्तें, मग गोलिन्याक, एस्पेराक अशी एकेक छोटी गावं. शेवटचा उतार खडकाळ आणि वाईट आहे. पावसात गेलात तर काठी हवीच. तासभर झाडांशिवाय काही दिसत नाही आणि एकदम खाली छपरं आणि तीन मनोरे येतात.

कुणी विचारायच्या आधीच सांगतो, कारण घरी परतल्यावर प्रत्येकाने विचारलं: वारीसारखं असतं का? नाही. दिंडी नाही, टाळ नाही, बहुतेक जण एकटे किंवा जोडीने चालतात, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी आपण धार्मिक नाही असंच मला सांगितलं. कुणी नोकरी सोडलेली, कुणाचा नवरा गेलेला, कुणी निव्वळ वजन कमी करायला. सारखेपणा एकच वाटला, की वाटेवरची माणसं पाणी विचारतात.

मठाच्या यात्रेकरू निवासात सामायिक खोलीत झोपलो. रात्री जेवण लांब बाकांवर, स्वयंसेवक वाढतात. साडेआठच्या सुमारास प्रार्थना आणि तिच्या शेवटी यात्रेकरूंना आशीर्वाद. आपापल्या देशाचं नाव विचारतात. 'भारत' म्हटल्यावर दोनतीन डोकी वळली, बस.

दुसऱ्या दिवशी निघताना खाली दुर्दूवरचा जुना दगडी पूल ओलांडायचा आणि समोरच्या डोंगरावर सांत फ्वाच्या छोट्या देवळीपर्यंत छाती फुटेस्तोवर चढायचं. तिथे घंटा आहे, यात्रेकरू ती वाजवून पुढे जातात. गावात राहणाऱ्यांना ती सकाळभर ऐकू येते. पुढे न जाणाऱ्यांनीही तेवढं चढून यावं, गाव समोरून दिसतं. (हा पूल आणि चर्च दोन्ही १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, यात्रेच्या मार्गाचा भाग म्हणून.)

मीठभाकर

आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांचं काय होणार तिथे?

ओसरी

@मीठभाकर, त्या भागाचं मुख्य पक्वान्न तुमच्या बाजूचं आहे! आलिगो: उकडून घोटलेला बटाटा, त्यात ओब्राकच्या गाईंच्या दुधाचं ताजं चीज, लसूण, लोणी. विस्तवावर लाकडी उलथन्याने घोटत राहायचं, इतकं की उलथनं वर उचललं की हातभर तार निघावी. वाढणारे मुद्दाम खांद्यापर्यंत ताणून दाखवतात. बहुतेक ठिकाणी ते सॉसेजबरोबर देतात, 'नुसतं आलिगो आणि सॅलड' म्हणून सांगायचं. चीजमधल्या रेनेटचं (वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाचं) वावडं असेल तर मात्र अवघड आहे. फार्सू नावाचे पालेभाजीचे हिरवे वडे मिळतात, त्यात अंडं असतं आणि कधी मांसही, विचारून घ्या. पिणाऱ्यांसाठी जवळच्या मार्सियाकची लाल वाइन. ते मळे कोंकच्या साधूंनीच लावले म्हणतात.

रात्री नऊनंतर जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. मी पाहुण्यांसकट एका रात्री बिस्किटांवर झोपले आहे.

नाना_सातारकर

खिडक्यांबद्दल ओसरीबाईंनी सोयीस्कर मौन बाळगलंय. मी फोटो पाहिले. हजार वर्षांच्या चर्चला त्या करड्या, काळ्या रेघांच्या काचा? न्हाणीघराच्या खिडक्या वाटतात. त्यापेक्षा रंगीत काचा, संतांची चित्रं, काय वाईट होतं?

पाथरवट

नाना, १९९४ मध्ये गावातल्या लोकांचंही अगदी हेच म्हणणं होतं. बराच विरोध झाला. पण आधीच्या रंगीत काचाही विसाव्या शतकातल्याच होत्या, मध्ययुगातल्या नव्हेत.

पिएर सुलाज हा रोदेझचाच, १९१९ चा जन्म. शाळेच्या सहलीत कोंकचं चर्च पाहिलं आणि चित्रकार व्हायचं तिथेच ठरवलं, असं तो स्वतः सांगायचा. पुढे काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जगभर नाव झालं आणि सरकारने कोंकच्या १०४ खिडक्या त्याच्याकडे सोपवल्या. १९८७ ते १९९४, सात वर्षं. तुलूझचा काचकारागीर फ्लरी याच्याबरोबर शेकडो प्रयोग करून त्याने अशी काच बनवून घेतली जिच्यात रंगच नाही. ती पारदर्शकही नाही: बाहेरचं काही दिसत नाही, पण उजेड आत येतो, आणि काचेतल्या कणांच्या दाटीप्रमाणे कमीजास्त येतो.

फोटोत ती मेलेलीच दिसते, कारण फोटो एका क्षणाचा. सकाळी पूर्वेकडच्या खिडक्या निळसर असतात, संध्याकाळी पश्चिमेकडच्या नारिंगी होतात, आणि रंग तर कुठेच लावलेला नाही. दुसरं म्हणजे चर्चचा दगड तीन प्रकारचा आहे, पिवळसर चुनखडी, तांबूस वालुकाश्म आणि करडं शिस्ट. रंगीत काचांचे डाग त्यावर पडत तेव्हा दगडाचा स्वतःचा रंग कळायचाच नाही. बावीस मीटर उंचीचं ते अरुंद सभागृह आता दगडाचं दिसतं. रोदेझला २०१४ पासून सुलाजचं संग्रहालय आहे, जाता-येता बघून घ्या, तिथे या खिडक्यांची पूर्वतयारीची रेखाटनंही आहेत.

नाना_सातारकर

वाचलं. न्हाणीघर मागे घेत नाही. पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढे बोलणार नाही.

वसईकर

नाना, एवढं कबूल केलंत म्हणजे सांत फ्वाचा पुढचा चमत्कार झालाच म्हणायचा. :)

ओसरी

मी मौन बाळगलं कारण मला दोन्ही बाजू पटतात. दुपारी दोन वाजता नानांची, संध्याकाळी सातला पाथरवटांची.

एक राहिलंच. मूळ जोडओवरी गेली तरी तिच्या अंगणात हिरव्या सर्पेंटाइन दगडाचं मोठं कुंड आहे आणि जेवणघराच्या बाजूला काही कमानी शिल्लक आहेत. त्यातल्या एका खांबाच्या शीर्षावर गवंडी कोरलेत: अर्धवट बांधलेल्या भिंतीमागून डोकी वर काढून, हातात हत्यारं घेऊन सगळे समोर बघतायत. बांधणाऱ्यांनी स्वतःला असं कोरून ठेवलेलं फार ठिकाणी सापडत नाही. बेगों नावाच्या मठाधिपतीने, म्हणजे १०८७ ते ११०७ या काळात, ही ओवरी बांधली. त्याची कबर चर्चच्या दक्षिण भिंतीत बाहेरून दिसते.

कुंदकळी

ओसरीताई, फार उपयोगी धागा. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन फ्रान्सला यायचं ठरतंय. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन हळूहळू चालते. तिला चर्चची फार आवड. जमेल का? आणि गाडी चालवता येत नसेल तर?

ओसरी

@कुंदकळी, जमेल, पण आखणी करून या. गावात सपाट असं फक्त चर्चसमोरचा चौक आणि मुख्य गल्लीचा काही भाग. खालच्या दरवाजाकडे उतरलात तर तेवढं परत चढावं लागतं, तिकडे आईंना नेऊ नका. हॉटेल चौकाजवळचंच घ्या आणि आरक्षण करताना सामान दारापर्यंत आणता येतं का, खोली कितव्या मजल्यावर आहे, हे विचारा. जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते आणि जिने वळणाचे. शिल्पपट बघायला चौकात बसून राहिलं की झालं, त्यासाठी चढायचं नाही. वरच्या सज्जांचं सोडून द्या, तो जिना अरुंद आहे. पूर्ण गाव लांबून बघायचं तर समोरच्या डोंगरावर बांकारेल नावाची जागा आहे, तिथवर गाडी जाते.

गाडीशिवाय कठीण. कोंकला रेल्वे नाही. रोदेझपर्यंत रेल्वेने या आणि तिथून टॅक्सी ठरवा, बसचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. परतीची टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आयत्या वेळी गावात मिळत नाही.

घाटवाट

कुंदकळी, ऑक्टोबर उत्तम. चेस्टनट पडलेले असतात आणि गर्दी ओसरलेली. फक्त रात्रीचे कार्यक्रम त्या सुमारास सगळे चालू असतीलच असं नाही, आधी मठाला विचारून घ्या.

कुंदकळी

दोघांनाही धन्यवाद. तारखा अजून पक्क्या नाहीत. पहिला आठवडा की शेवटचा?

ओसरी

पहिला. ६ ऑक्टोबरला सांत फ्वाचा सण असतो आणि त्याच सुमाराच्या रविवारी मिरवणूक निघते. त्या शनिवार-रविवारी खोल्या लवकर भरतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी खोली बघा. महिन्याच्या शेवटी आलात तर निम्मी दुकानं आवराआवरीला लागलेली असतात.